धबधबा फुकट, गाडीचं काय?

चौघांचं घर, एक रविवार, नांदेडहून सहस्रकुंड आणि परत. मागच्या श्रावणात वहीत मांडलेला हिशोब असा : पेट्रोल १,४१५, भोकरला नाश्ता-चहा ३२०, जेवण ८००, भाजलेली कणसं आणि दुसरा चहा २५०, गाडी लावायला ५०. एकूण २,८३५ रुपये. यातला निम्मा पैसा इंजिनाने खाल्ला, उरलेला आम्ही. धबधब्याने स्वतःसाठी काही मागितलं नाही.

अमेरिकेत राहणारी माझी एक भाची सुट्टीत जमैकाला जाऊन आली. तिथल्या डन्स रिव्हर धबधब्यावर लोक एकमेकांचे हात धरून, साखळी करून पायऱ्यापायऱ्यांच्या खडकावरून वर चढतात. आत पाऊल टाकायलाच डॉलरात तिकीट. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी जमैकाचा व्हिसा लागत नाही, हे तिने मोठ्या उत्साहाने सांगितलं. पण इथून तिथे थेट विमान नाही आणि दोन-तीन विमानं बदलून जायचा खर्च ऐकून आमच्या घरात शांतता पसरली. दार उघडं, वाट महाग. नांदेड-लातूरचं गणितही तेच आहे, फक्त आकडे आपल्या खिशाला झेपणारे. म्हणून इथे ठिकाणांच्या वर्णनापेक्षा वाटेच्या हिशोबावर जास्त शाई खर्च करतो.

आधी गाडीचे दर. खाली सगळीकडे पेट्रोल लिटरला १०६ रुपये, कारचं अॅव्हरेज १५ आणि दुचाकीचं ४५ धरलं आहे. तुमची गाडी याहून जास्त पीत असेल तर त्या मानाने वाढवा. भाड्याची गाडी बोलीवर ठरते. लहान गाडीला किलोमीटरमागे १३ रुपये, सात सीटरला १५ आणि ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला ४०० धरून चाला. सणासुदीला आणि लग्नसराईत हे वर सरकतात.

खरी मेख दरात नसते, 'मिनिमम'मध्ये असते. बाहेरगावच्या भाड्याला दिवसाचे किमान ३०० किलोमीटर लावायची पद्धत आहे. म्हणजे सहस्रकुंडचे दोनशे किलोमीटर फिरलात तरी पैसे तीनशेचे. सात सीटरचे ४,५०० अधिक भत्ता ४००, झाले ४,९००. सहा जण असतील तर डोई आठशेच्या वर, आणि स्वतःच्या गाडीने चौघांचा जेवणखाणासह खर्च सातशेच्या आसपास. दुसरी मेख 'गॅरेज ते गॅरेज'. किलोमीटर तुमच्या दारापासून नव्हे, गाडीच्या ठाण्यापासून मोजले जातात. एकदा एका गाडीवाल्याने परतल्यावर आमच्या बिलात २८ किलोमीटर, पार्किंग आणि 'रात्रीचा भत्ता' असं सगळं घातलं. आम्ही पोहोचलो होतो रात्री सव्वादहाला. रात्र किती वाजता सुरू होते हे आधी विचारलं नव्हतं, चूक आमचीही. तेव्हापासून निघण्याच्या आदल्या दिवशी चार ओळींचा मेसेज पाठवतो : दर, मिनिमम, भत्ता, टोल कोणाकडे. समोरून 'ओके' आलं की झोप लागते.

मिनिममचं हे दुखणं आपल्या बाजूने वळवताही येतं. नांदेड, भोकर, हिमायतनगर, इस्लापूरजवळचं सहस्रकुंड, मग किनवट, माहूर आणि परतताना उमरखेड-हदगाव मार्गे नांदेड, असं वर्तुळ केलं तर किलोमीटर तीनशेच्या आसपासच भरतात. म्हणजे पैसे जवळजवळ तेवढेच आणि धबधब्यासोबत माहूर पदरात. पहाटे पाचला निघावं लागेल, हे मात्र घरातल्या प्रत्येकाकडून आधी कबूल करून घ्या. माहूरला मुक्काम ठेवलात की दुसऱ्या दिवसाचं मिनिमम आणि भत्ता वेगळा लागतो आणि बिल थेट दुप्पट होतं. स्वतःची गाडी असेल तर खुशाल राहा. माहूरची पहाट पाहण्यासारखी असते.

सहस्रकुंड पैनगंगेवर आहे. नदीच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. काळ्या कातळावर नदी फुटते, अनेक धारांनी खाली उडी घेते. ऑगस्ट-सप्टेंबरात पाहिलं तर बोलणं ऐकू येत नाही, मार्चनंतर गेलात तर कातळ पाहून परत याल. वरच्या बाजूला इसापूर धरण आहे. धरण भरल्यावर दरवाजे उघडले की नदीचं पाणी आपल्या डोक्यावर एक थेंब पाऊस नसताना चढतं. फोटोसाठी खडकावर उतरणाऱ्यांचा घोळ इथेच होतो. निघण्याआधी इसापूरच्या विसर्गाची बातमी पाहा, पाण्यात उतरू नका, आणि शेवाळलेल्या दगडावर चपला घालून हिंडू नका. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचं स्थानकही आहे. तिकीट अगदी स्वस्त पडतं, पण गाड्या मोजक्या. परतीची गाडी आधी ठरवूनच जा, नाहीतर स्वस्ताईचा रिक्षाखर्च होतो.

माहूरला बहुतेक लोक रेणुकामातेच्या दर्शनाला जातात. साडेतीन पीठांतलं हे पूर्ण पीठ, आणि कुटलेल्या विड्याचा तांबूल हा इथला प्रसाद. पण हिंडणाऱ्याने दर्शनावर थांबू नये. दत्तशिखर, अनसूया शिखर, पांडवलेणी आणि किल्ला, हे सगळं डोंगररांगेवर विखुरलेलं आहे आणि पावसानंतर सागाचं रान असं दाटतं की हा नांदेड जिल्हाच आहे का, असं वाटावं. शिखरांवर जायला खासगी जीप सीटवर मिळतात. बसण्याआधी जाऊन-येऊन किती आणि वर किती वेळ थांबणार, दोन्ही विचारा. नवरात्रात आणि दत्तजयंतीला हिंडण्यासाठी जाऊच नका. ते दिवस भाविकांचे. वेळ उरला तर माहूर तालुक्यातच वझरा शेख फरीदचा धबधबा आहे, सहस्रकुंडाच्या मानाने लहान, पण गर्दीही त्याच मानाने कमी.

किनवट तालुक्यात उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. गंधकाच्या पाण्याने त्वचेचे आजार बरे होतात अशी श्रद्धा आहे. अंघोळ जरूर करा, औषध मात्र डॉक्टरांचंच घ्या. ओले कपडे ठेवायला पिशवी नेली नाही तर गाडीचं सीट धुण्याचा खर्च या लेखात धरलेला नाही.

गाडी नसेल तर एसटी. २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं आणि साध्या बसचा सहा किलोमीटरचा एक टप्पा दहा रुपयांच्या थोडा वर गेला. शंभर किलोमीटरला १७ टप्पे, म्हणजे पावणेदोनशेच्या आत-बाहेर. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं, पंचाहत्तरीपुढे फुकट. त्यामुळे आजी, आई आणि मावशी अशा तिघी निघाल्या तर त्यांचा प्रवास आपल्या दुचाकीच्या पेट्रोलपेक्षाही स्वस्त पडू शकतो. आधार कार्ड मात्र पर्समध्ये हवं, वयाबद्दल तोंडी वाद घालून उपयोग नाही.

कारवाल्यांसाठी टोलचं एक. नांदेड-लोहा-अहमदपूर-चाकूर-लातूर हा राष्ट्रीय महामार्ग ३६१, आणि त्यावर टोल आहे. खासगी कारसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून वार्षिक फास्टॅग पास निघाला आहे (सुरुवातीला ३,००० रुपयांचा), वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. वर्षाकाठी दोन सहली काढणाऱ्याने तो घेऊ नये. पण मुलं लातूरला शिकवणीला आणि घर नांदेडला अशी आमच्याकडची शेकडो कुटुंबं आहेत, त्यांना तो नक्की परवडतो. फास्टॅग नसेल तर टोल जास्त पडतो.

याच महामार्गावर लोह्याला वळलं की थोड्याच अंतरावर कंधार. मन्याड नदीच्या काठचा हा भुईकोट राष्ट्रकूट काळातला, राजा तिसरा कृष्ण याच्या नावाशी जोडलेला. भोवती खंदक, आत नंतरच्या सुलतानांनी घातलेली भर. नांदेडहून जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. दुचाकीला पेट्रोल २३५ रुपये, कारला सातशेच्या आसपास. पाणी आणि डबा घरून घ्या.

लातूरकरांना त्याहून स्वस्तात भागतं. औसा अवघं वीस किलोमीटर. इथला किल्ला खोलगट भागात असा बसवलाय की लांबून दिसत नाही, आतल्या उंच जागेवरून मात्र येणारी फौज दुरूनच दिसावी. पुढे निलंग्याच्या वाटेवर खरोसा. जांभ्या दगडाच्या टेकडीत कोरलेली सहाव्या शतकाच्या सुमाराची लेणी, शैव, वैष्णव आणि जैन शेजारी शेजारी. जांभा मऊ, त्यामुळे मूर्ती झिजल्या आहेत. सकाळचं तिरपं ऊन असताना गेलात तरच त्यांचे आकार नीट दिसतात. औसा आणि खरोसा मिळून परत येईपर्यंत ९० किलोमीटर, दुचाकीला दोन लिटर, २१२ रुपये. पुढे निलंग्यापर्यंत रेटलंत तर निलंगा राइसची प्लेट. माझ्या मते त्या फेरीचं खरं कारण तेच.

पूर्वेकडचं वर्तुळ थोडं मोठं : लातूर, वडवळ नागनाथचं बेट, देवर्जनजवळचं हत्तीबेट, उदगीर आणि परत, दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर. आमच्याकडे 'बेट' म्हणजे समुद्रातलं नव्हे, सपाट रानातून उठलेली टेकडी. वडवळच्या बेटावर पावसाळ्यात औषधी वनस्पती उगवतात आणि वैद्य, आयुर्वेदाचे विद्यार्थी त्या शोधत हिंडताना दिसतात. उपटून आणू नका, फोटो काढा. रेल्वेनेही जमतं, लातूर रोड ते उदगीर-बिदर मार्गावर वडवळ नागनाथ स्थानक आहे. हत्तीबेटावर दगडात कोरलेला हत्ती आणि गुहा. हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांशी लढणाऱ्या तरुणांनी याच टेकडीचा आसरा घेतला होता. उदगीरच्या किल्ल्यात तर १७६० हे साल आठवतंच : सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं ते इथे, आणि पुढच्याच जानेवारीत पानिपत. कारचं पेट्रोल १,२०० रुपये, चौघांत वाटा ३००.

पैसेच खर्च करायचे नसतील त्या दिवशी नांदेडकरांनी विष्णुपुरी गाठावं. शहरापासून आठ-दहा किलोमीटर, काळेश्वराचं मंदिर, समोर गोदावरीचा अडवलेला विस्तीर्ण फुगवटा. प्रकल्पाचे दरवाजे उघडतात तेव्हा अर्धं शहर पुलावर असतं. परतताना सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवण, सगळ्यांसाठी, मोफत. डोकं झाकायला रुमाल आणि ताटात घेतलेलं संपवायची तयारी, एवढीच अट.

राहता राहिली येळवस. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातूर आणि धाराशिवचे रस्ते ओस पडतात, कारण माणसं शिवारात असतात. कडब्याची खोप, तिच्यात चुन्याने रंगवलेले दगडांचे पांडव, बिंदगीत आंबील, तूर-वाटाणा-हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. शेत नसलेल्यालाही बोलावणं असतं, आणि ओळख नसली तरी बांधावरून हाक येते. हल्ली पुण्या-मुंबईकडे हुरडा पार्टीला माणशी शेकड्यांनी पैसे घेतात, त्याच हंगामात आमच्याकडे कोणी पैसे काढले तर यजमान रागावतो. तरी रिकाम्या हाताने जाऊ नये. पोरांसाठी किलोभर फरसाण आणि म्हाताऱ्यांसाठी पेढे घ्या, आदल्या संध्याकाळीच. त्या दिवशी सकाळी दुकान उघडं सापडत नाही, दुकानदारही शेतात गेलेला असतो.