दोन देश, एक वीर

जपानमधील क्योटो हे नगर प्राचीन मंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. याच नगरात १८८९ साली निंटेंडो या कंपनीची स्थापना झाली. आरंभी ती खेळण्याचे पत्ते तयार करी. पुढे शंभर वर्षांनी, १९८९ साली, तिने ‘गेम बॉय’ नावाचे हातात धरून खेळण्याचे यंत्र बाजारात आणले. यंत्र लहान, त्याचा पडदा त्याहून लहान. परंतु त्याला एक तार जोडता येई. त्या तारेने दोन यंत्रे जोडली, की शेजारी बसलेली दोन मुले एकच खेळ मिळून खेळू शकत.

सातोशी ताजिरी या कल्पक गृहस्थांनी या तारेचा निराळाच उपयोग ओळखला. बालपणी त्यांना किडे गोळा करण्याचा मोठा नाद होता. किड्यांसारखे जीव तारेतून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात गेले तर काय बहार होईल, या कल्पनेतून १९९६ साली ‘पोकेमॉन’ हा खेळ जन्मास आला. तो लाल आणि हिरवा अशा दोन आवृत्त्यांत निघाला. काही प्राणी केवळ एकीत आढळत, काही केवळ दुसरीत. संग्रह पुरा करायचा, तर मित्राशी देवघेव करणे भागच होते.

जोडीने खेळ काढण्याची ही प्रथा पुढे रूढ झाली. तथापि तिच्याविषयी एक रास्त शंका मनात येते. एकच वस्तू दोनदा विकून दुप्पट पैसे मिळविण्याची ही युक्ती तर नव्हे? दोन आवृत्त्यांतील फरक किरकोळ असेल, तर या आक्षेपात तथ्य आहे. परंतु २००१ साली प्रसिद्ध झालेली एक जोडी या कसोटीस चांगली उतरते.

‘झेल्डा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांच्या मालिकेतील ‘ओरॅकल ऑफ सीझन्स’ आणि ‘ओरॅकल ऑफ एजेस’ हे ते दोन खेळ होत. दोहोंचा नायक एकच, लिंक नावाचा वीर. परंतु देश मात्र भिन्न. पहिल्या खेळात तो होलोड्रम देशी जातो. तेथे त्याला ऋतू पालटणारी काठी मिळते. झाडाच्या बुंध्यावर उभे राहून ती फिरविली, की उन्हाळ्याचा हिवाळा होतो. पाणी गोठते आणि जेथे वाट नव्हती, तेथे बर्फावरून वाट होते. दुसऱ्या खेळात तो लाब्रिना देशी जातो. तेथील वीणेच्या सुरांनी भूतकाळात जाता येते. भूतकाळात वेलीचे रोप योग्य जागी सरकवून ठेवावे, वर्तमानात परतावे, तो त्याची उंच वेल झालेली असते. तीवरून कडा चढता येतो. पहिल्या खेळात शौर्याला अधिक वाव आहे, दुसऱ्यात बुद्धीला.

हे खेळ रचणाऱ्या मंडळींचे प्रमुख होते हिदेमारो फुजिबायाशी. आरंभीचा बेत दोन नव्हे, तीन खेळांचा होता. खेळ कोणत्याही क्रमाने खेळले, तरी कथा जुळली पाहिजे, अशी त्यांची इच्छा होती. आता, दोन वस्तूंचे क्रम दोनच होतात. तीन वस्तूंचे मात्र सहा! प्रत्येक क्रमात कथेचे धागे जुळविणे अतिशय अवघड होऊन बसले. अखेर त्यांनी मन घट्ट करून तिसरा खेळ सोडून दिला. हातची कल्पना टाकून देणे कोणासही सुखाचे नसते. परंतु त्या त्यागामुळेच उरलेले दोन खेळ नेटके झाले.

या दोहोंपैकी प्रत्येक खेळ स्वतंत्रपणे पूर्ण आहे. ज्याच्याजवळ एकच आहे, त्याला अपुरी कथा वाचल्यासारखे वाटत नाही. मात्र एक खेळ संपला, की पडद्यावर काही गूढ अक्षरे उमटतात. ती कागदावर उतरून दुसऱ्या खेळात भरली, की तेथील कथा पहिलीच्या पुढे चालू होते. मग दुसऱ्या देशातील एखादा मनुष्य गुप्त शब्द सांगतो. तो पहिल्या देशातील योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचवावा लागतो आणि तिचे उत्तर घेऊन परत यावे लागते. दोन्ही देशांवरील संकटांच्या मुळाशी असलेल्या शत्रूशी अखेरचा सामना होतो, तोही अशी जोडणी केल्यावरच.

ही अक्षरे लिहून घेण्यास कागदाचा कपटा आणि पेन्सिल पुरे. एका मुलाजवळ एक खेळ असावा, त्याच्या मित्राजवळ दुसरा; एकाने आपला खेळ संपवून अक्षरे द्यावी, दुसऱ्याने तेथून पुढे निघावे. अशा वेळी दोघांनाही दोन्ही खेळ विकत घेण्याची गरज उरत नाही. जो भाग आपल्याजवळ नाही, तो मित्राजवळ आहे, याचे मग दुःख होत नाही. त्याच्या घरी जाण्यास ते एक चांगले निमित्त होते.

स्वाध्याय

१. जोडीच्या खेळांविषयी कोणती शंका घेतली जाते? ती तुम्हांस पटते काय? कारणे द्या.
२. तिसरा खेळ का सोडून द्यावा लागला?
३. तीन वस्तूंचे सहा क्रम कसे होतात, ते मांडून दाखवा.
४. वाक्यात उपयोग करा : मन घट्ट करणे, कसोटीस उतरणे.