उडणारी विमानं मोजा

बारावीचे निकाल लागले की ओळखीपाळखीतले आईवडील फोन करतात. ‘मुलीला पायलट व्हायचंय, कुठली अकॅडमी चांगली?’ मी नाव सांगत नाही. मुख्य प्रशिक्षक सोडून गेला, दोन विमानं बंद पडली, की वर्षभरात चांगल्या संस्थेचीही रया जाते. त्यापेक्षा काय बघून यायचं ते सांगतो.

मी शिकलो तिथल्या हँगरमध्ये विमानं भरपूर दिसायची. जवळ गेलं की कळायचं, एकाच्या इंजिनाचा सिलिंडर उतरवलेला, सुटा भाग परदेशातून यायचा आहे. दुसरं शंभर तासांच्या तपासणीला लागलेलं. आम्ही पहाटे गणवेश चढवून ब्रीफिंग रूममध्ये बसायचो. फळ्यावर नावं लिहिलेली असायची. उडत्या विमानांवर पहिल्या दोन-तीन जणांचा नंबर लागायचा, तोवर ऊन चढून आडवा वारा सुटायचा आणि उरलेल्यांची नावं पुसली जायची. फी मात्र आधीच भरलेली होती आणि कर्जाचं व्याज रोज चढत होतं.

म्हणून पहिला हिशेब हा करा. कमर्शियल लायसन्ससाठी 200 तासांचं उड्डाण लागतं. समजा, संस्थेकडे उडण्याजोगी 4 विमानं आहेत, प्रत्येक विमान दिवसाला 5 तास उडतं आणि महिन्यात 20 दिवस हवा साथ देते. झाले 400 तास. विद्यार्थी 60 असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला जेमतेम पावणेसात तास, म्हणजे कोर्स अडीच वर्षांचा. विद्यार्थी 30 असतील तर तोच सव्वा वर्षात उरकतो. त्यातून जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढग खाली उतरलेले असतात, बऱ्याच दिवशी सर्किटसुद्धा, म्हणजे धावपट्टीभोवतीची फेरीसुद्धा, मारता येत नाही. ते महिने वजा करूनच हिशेब मांडा.

उशिराचा फटका नुसता वयाला बसत नाही. 200 पैकी 100 तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन, हवेत आणि त्यातले 15 तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत झालेले हवेत. कागदपत्रं किंवा एखादी चाचणी रखडली की तेच तास पुन्हा उडावे लागतात, तेही पदरचे पैसे घालून.

संस्था बघायला जाल तेव्हा ऑफिसातल्या गुळगुळीत माहितीपत्रकावर भुलू नका. आपल्याकडे गोंदिया, बारामती, शिरपूर इथे प्रशिक्षण चालतं. दोन दिवस मुक्काम ठोका आणि सकाळी सातला धावपट्टीच्या कडेला उभे राहा. किती विमानं उठली ते मोजा. दुपारी मेसमध्ये जुन्या मुलांजवळ बसा आणि विचारा, ‘गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले?’ लॉगबुक दाखवायला मुलं का-कू करत नाहीत. रात्रीच्या उड्डाणांसाठी धावपट्टीला दिवे आहेत का, की त्यासाठी दुसऱ्या गावी जावं लागतं? एअरलाइनसाठी मल्टि-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागतं. त्यासाठीचं दोन इंजिनांचं विमान संस्थेचं स्वतःचं आहे का? नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, 2025 पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करतं. तीही बघा, पण धावपट्टीवरची फेरी चुकवू नका.

पैसे एकरकमी कधीही भरू नका. जेवढे तास उडाल, तेवढ्याचा हप्ता. सवलतीच्या मोहात कितीतरी घरं अडकलेली मी पाहिली आहेत. तास रखडले किंवा मध्येच सोडलं तर परतावा किती, हे करारात लिहून घ्या. इंधनाचा दर वाढला तर भार कोणावर, जादा तासाला काय आकारणार, हेही लिहून घ्या. ए-320 सारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान चालवण्याची पात्रता, बहुधा या फीमध्ये नसतं. त्याची तजवीज वेगळी ठेवा.

आणि पैसे भरण्याआधी दोन कामं घरूनच उरका. क्लास 2 नंतर क्लास 1 मेडिकल करून घ्या, कारण तिथे अडलात तर पुढचं सगळं व्यर्थ. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स यांचे पेपर आधी द्या. पास व्हायला 70 टक्के लागतात. हे पेपर सुटलेला विद्यार्थी उडायला मोकळा असतो.

शेवटचं, आणि यात तडजोड नाही. तास रखडलेल्या मुलांना कधीकधी कोणीतरी हळूच सुचवतं, ‘लॉगबुकमध्ये भरून टाकू.’ खोटे कागद कधी ना कधी उघडे पडतात: 2011 मध्ये बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स मिळवलेले वैमानिक उघडकीला आले आणि गुन्हे दाखल झाले. ढगात शिरल्यावर किंवा इंजिन गचके देऊ लागल्यावर खोटे तास कामाला येत नाहीत, आणि तेव्हा मागे माणसं बसलेली असतात. असं सुचवणाऱ्या संस्थेतून, भरलेले पैसे बुडाले तरी चालतील, त्याच दिवशी बाहेर पडा.