घरी कालवलेला समुद्र

बदलापूर पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचे म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाबरोबर एक विषय पुरवायचा. "पाणी कुठून आणता हो? चौपाटीवरून?" हा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर देता देता मलाच जे उमगत गेलं, ते असं.

१. समुद्र जवळ असला म्हणून कामाचा असतोच असं नाही. सीएसएमटी इथून ६८ किलोमीटर. पाण्याने भरलेला कॅन घेऊन संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये चढणारी बाई मला एकदा बघायचीच आहे. पण ते पाणी आणूनही काय करायचं? किनाऱ्यालगत शहराचं सांडपाणी, आणि पावसाळ्यात नद्या-खाड्यांतून इतकं गोडं पाणी येऊन मिळतं की खारटपणाच उतरतो. तारापोरवाला मत्स्यालयाच्या दारात समुद्र होता, आमच्या दारात उल्हास नदी. तेव्हा समुद्र घरीच कालवायचा.

२. खर्च मिठाचा वाटतो, पण खरी दमछाक गोड्या पाण्याची असते. मत्स्यालयाचं तयार मीठ लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं; २० लिटरला पाऊण किलोच्या आसपास. हा हिशेब पोरही करेल. पाण्याचा हिशेब मात्र ऋतूगणिक बदलतो. जानेवारीत नळाला निवळशंख धार, जुलैत चहासारखी, मे महिन्यात कपात आणि मग बोअरचा नाहीतर टँकरचा आसरा. पुढची सगळी अक्कल या एका गोष्टीत खर्च होते.

३. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी माणसांसाठी असतं, हे मला उशिरा कळलं. बऱ्याच घरगुती यंत्रांत पाणी मेंब्रेनमधून गाळून झाल्यावर चवीसाठी त्यात पुन्हा क्षार मिसळतात. म्हणजे आधी पैसे देऊन काढायचं आणि मग पैसे देऊनच घालायचं! माशांसाठीचं पाणी मी मेंब्रेननंतर लगेच, नळीला एक टी-जोड बसवून घेते. वेगळं यंत्र घ्यावं लागलं नाही, हीच काय ती बचत. टीडीएस मीटरवर आकडा शून्याजवळ दिसला की हायसं वाटतं, पण त्या मीटरला क्लोरीन दिसत नाही. ते काम कार्बन फिल्टरचं, आणि तो वेळेवर बदलण्याला पर्याय नाही. राहता राहिलं वाया जाणारं पाणी. शुद्ध एका बादलीमागे साधारण तीन बादल्या मोरीत. कपातीच्या दिवसांत सासूबाई त्या बादल्यांकडे बघतात आणि मग माझ्याकडे. "माशांना फिल्टरचं, आणि आम्ही टँकरचं?" तेव्हापासून त्या बादल्यांवर त्यांचा हक्क: लादी, संडास, गच्चीचा जिना. आमचा जिना हल्ली फार स्वच्छ असतो.

४. स्वस्त ड्रम इथे फार मिळतात, आणि म्हणूनच घेऊ नयेत असं माझं मत झालं. अंबरनाथ-उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडे निळे ड्रम रांगेने उभे असतात. आत आधी काय होतं ते त्यालाही माहीत नसतं. वालधुनी नदी ज्यांनी पाहिली आहे, २०१४ साली तिच्यात टँकरने ओतलेल्या रसायनाने उल्हासनगरात किती लोक इस्पितळात गेले ते ज्यांना आठवतं, त्यांना "धुऊन घ्या, चालतंय" हे पटत नाही. पाण्यासाठीचा नवा ड्रम. इथे घासाघीस नाही.

५. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी नाही. उलट केलं तर तळाशी क्षारांची दाटी होऊन कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, आणि पाणी ताकासारखं पांढरं होऊन तसंच राहतं.

६. घरातलं मीठ टाकीत चालत नाही, पण टाकीचं माप तपासायला तेच लागतं! याची मला गंमत वाटते. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर विकत घेतला, पण तो खरं बोलतोय हे कोण सांगणार? तयार द्रावणाची बाटली महाग. मग ३६.५ ग्रॅम साधं मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवायचं. प्रकाश त्यातून तेवढाच वाकतो जेवढा ३५ खारटपणाच्या समुद्राच्या पाण्यातून. वजनकाटा केकचा, मीठ डब्यातलं. काचेवर दोन थेंब टाकून, झाकण लावून, खिडकीकडे डोळा लावला की निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा ३५ वर यायला हवी. नाही आली तर छोटा स्क्रू फिरवायचा. शाळेत प्रयोगवहीत नेहमी "साधारण" शेरा मिळवणारी मी, हे फार गंभीर चेहऱ्याने करते.

७. पाणी उडतं, मीठ उडत नाही. बदलापूरच्या एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, चिलर परवडत नाही, मग टाकीवर पंखा. पंख्याने पाणी थंड होतं ते बाष्प होऊनच. म्हणून पातळी उतरली की भर गोड्या पाण्याची घालायची. खारं पाणी फक्त पाणी बदलताना. सुट्टीला गावी जाताना शेजारच्या काकूंना हे समजावणं ही स्वतंत्र परीक्षा आहे. काचेवर स्केचपेनची रेघ ओढून ठेवली आणि मिठाची पिशवी कपाटात कुलूपबंद केली.

८. कायद्यानेही माझा खिसा सांभाळला. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते पाळायचे नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठीचं कॅल्शियम, मॅग्नेशियम, महागडे दिवे, सगळं बाद. आमच्याकडे दोन क्लाउनफिश. दुकानदार त्यांना निमो म्हणतो, सासूबाई "ती जोडी" म्हणतात, आणि मीटरवरचा आकडा हल्ली त्याच आधी विचारतात.