किलोला किती पडलं?

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत चकल्या तळून झाल्या आणि चिवड्याला तेल उरलं नाही. आमच्या घरच्या फराळाला तेलाच्या पाच पिशव्या लागतात. शेव, शंकरपाळी, चकली, चिवडा, शिवाय पाहुण्यांची भजी धरून. गेली कित्येक वर्षं हे प्रमाण चुकलेलं नव्हतं. त्यामुळे मी सुनेला बोलले. "कढई एवढी काठोकाठ भरतात का गं? उरलेलं तेल टाकून दिलंस की काय?" ती गप्प राहिली. पदर खोचून खाली गेली, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आमच्या नेहमीच्या तेलाची एक पिशवी घेऊन आली आणि चिवडा पुरा केला.

संध्याकाळी तिने मला ओट्याजवळ बोलावलं. "आई, जरा हे बघता का?" ओट्यावर दोन रिकाम्या पिशव्या तिने धुऊन, पुसून शेजारी शेजारी अंथरल्या होत्या. एक वाण्याकडची, एक मी मॉलमधून आणलेली. उंची सारखी, रुंदी सारखी, पुढे तीच सूर्यफुलं. मागे, खालच्या कोपऱ्यात, एकीवर ९१० ग्रॅम, दुसरीवर ८०० ग्रॅम. पाच पिशव्यांत साडेपाचशे ग्रॅम तेल घरात आलंच नव्हतं.

मी ३१ वर्षं एका पतपेढीत हिशेब लिहिले, तरी फसले. तेलाच्या फळीवर पिवळी पट्टी होती, "१० रुपये बचत", आणि ती खोटी नव्हती. नेहमीची पिशवी १५२ ला होती, ही १४२ ला. मी पिशवीची किंमत पिशवीशी ताडून पाहिली, तेलाची तेलाशी पाहिली नाही. घरी कागदावर मांडलं तेव्हा नेहमीचं तेल किलोला १६७ रुपये पडत होतं आणि बचतीचं १७७ रुपये ५० पैसे. दहा रुपये वाचवायला म्हणून गेले आणि किलोमागे दहा जास्त देऊन आले. ते एक वेळ सोडा. सणाच्या दिवशी घरातल्या मुलीला नको ते बोलले, त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि हे लिहायला बसले ती त्यामुळेच.

त्या रात्री मी सहा महिन्यांची बिलं काढली. त्या एकाच दिवाळीच्या बिलात बदामाचा पुडा होता, "५० टक्के सूट" असलेला. पावकिलोची छापील किंमत ६०० रुपये, मला ३०० ला मिळाला. निम्म्यात मिळाला म्हणून दोन घेतले होते. दुसऱ्या दिवशी रविवार कारंजाच्या बाजारात गेले आणि ज्या दुकानातून पूर्वी सुकामेवा आणायचे तिथे भाव विचारला. सुटे बदाम ९०० रुपये किलो, म्हणजे पावकिलो २२५. वर त्याने दोन बदाम चाखायला दिले. दोन पुड्यांवर मी ६०० रुपये सूट घेतली होती म्हणा किंवा प्रत्यक्षात दीडशे रुपये जास्त दिले होते म्हणा, दोन्ही खरं आहे, आणि सगळी गोम इथेच आहे.

आपण एमआरपीला भाव समजतो. ती भाव नाही. ती कमाल मर्यादा आहे, त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. सगळे कर धरून ही किंमत पुड्यावर छापायची सक्ती झाली ती ग्राहकाला लुबाडलं जाऊ नये म्हणून, आणि तिचा उपयोग मोठा आहे. पण मर्यादा किती उंच ठेवायची हे पुडा भरणारा ठरवतो. ज्याचा बाजारभाव २२५ आहे त्यावर ६०० छापायला बहुतेक वस्तूंच्या बाबतीत कुणी अडवत नाही. मग ६०० वर निम्मी सूट दिली तरी माल महागच. सुकामेवा, मसाले, साबणाची पावडर, मध, ओट्स अशा वस्तूंत हे फार चालतं, कारण त्यांचा भाव आपल्या तोंडपाठ नसतो. साखरेचा असतो, म्हणून साखरेवर खरी सूट देतात आणि तिची पाटी दारातच लावतात. साखर स्वस्त दिसली की आपण आतला सगळाच माल स्वस्त धरून चालतो.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. पूर्वी काही वस्तू ठरावीक वजनातच विकाव्या लागत. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत त्याची यादीच होती. खाद्यतेल, चहा, कॉफी, बिस्किटं, मीठ, पीठ-रवा, साबण त्यात येत. पाव, अर्धा, एक किलो असे पुडे असले की नुसत्या किमतीवरून स्वस्त-महाग कळायचं. २०२१ साली नियम बदलले, ती यादी काढून टाकली, आणि २०२२ पासून कंपनीला हवं त्या वजनाचा पुडा काढता येऊ लागला. म्हणून ८०० ग्रॅमची ती पिशवी बेकायदा नव्हती. वजन तिच्यावर छापलेलं होतं, वाचायचं मी राहिले. तरीही, लिटरच्या मापाची पिशवी शिवून तिच्यात लिटर न भरणं मला प्रामाणिकपणा वाटत नाही, मग कायदा काहीही म्हणो.

यादी काढताना सरकारने तिच्या बदल्यात एक गोष्ट दिली आहे, ती वापरायला शिका. छापील किमतीच्या आसपास बारीक अक्षरात एककाचा दर छापलेला असतो. पुडा किलोपेक्षा कमी असेल तर ग्रॅमला किती, जास्त असेल तर किलोला किती. तेला-दुधाचं तसंच, मिलिलिटर आणि लिटर. अडचण अशी की ग्रॅमचा दर ०.५२ असा दिसतो आणि तो वाचून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. त्याला हजाराने गुणा, ५२० रुपये किलो. आता तो भाव झाला. यात दोन खाचा आहेत. हा दर दोनच दशांश स्थळांपर्यंत असतो, त्यामुळे किलोमागे पाचेक रुपये इकडेतिकडे होतात. आणि महत्त्वाचं म्हणजे तो छापील किमतीवरून काढलेला असतो. दुकानाने सूट दिली की तो निरुपयोगी होतो, आपला आपल्यालाच काढावा लागतो.

काढायला अवघड नाही. फोनमध्ये कॅल्क्युलेटर असतो. जी किंमत प्रत्यक्ष द्यायची आहे तिला ग्रॅमनी भागा, हजाराने गुणा. माझी सून तर तोंडी करते. २०० ग्रॅमला पाचपट, २५० ला चौपट, ४०० ला अडीचपट. ८४० किंवा ८७० ग्रॅम असलं की मात्र फोन काढावाच लागतो, आणि अशी अडनिडी वजनं हल्ली वाढत चालली आहेत.

तेलाच्या बाबतीत लिटर बघू नका, ग्रॅम बघा. तेल तापलं की फुगतं. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांना ८९३ च्या आतच. म्हणूनच २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने तेल कंपन्यांना बजावलं होतं, की पिशवीवर तापमान लिहू नका आणि लिटरच्या जोडीला वजनही बरोबर छापा.

मोठा पुडा स्वस्त पडतो ही आपली आणखी एक जुनी समजूत. माझ्याच बिलात पावकिलो चहा १३० ला होता आणि "कुटुंबासाठी मोठी बचत" असं लिहिलेला किलोचा पुडा ५४५ ला. चार लहान पुडे ५२० ला आले असते. बहुतेक वेळा मोठा पुडा स्वस्त असतो, म्हणूनच आपण तपासत नाही.

"२५ टक्के जास्त" म्हणजे २५ टक्के स्वस्त नव्हे. १०० ग्रॅमच्या किमतीत १२५ मिळाले तर सूट २० टक्के होते. तीही आधीचा पुडा खरंच १०० चा होता असं धरून. एकावर एक फुकट असेल तर दोन्ही पुडे उलटे करून कोणत्या तारखेपर्यंत वापरायचे ते वाचा. मला एकदा पास्ता सॉसच्या दोन बाटल्या मिळाल्या, मुदत संपायला तीन आठवडे. आमच्या घरात एक बाटली दोन महिने पुरते.

सगळ्यांत जास्त पैसे मी घालवले ते "१४९९ च्या खरेदीवर साखर ९ रुपये किलो" या पाटीपायी. बिल ११६० झालं होतं. पुढच्या ३४० रुपयांत मी फरसाण, एक डबा आणि नको असलेला शांपू घेतला. साखरेत वाचले ३५ रुपये. अशी पाटी दिसली की आता मी सरळ काउंटरकडे वळते.

आता बिलाबद्दल, कारण इथे नुसती फसगत होत नाही, चूकही होते. फळीवर तूरडाळ १३९, बिलात १५७. दोन पुडे, ३६ रुपये जास्त. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, सिस्टीममध्ये असंच येतंय." तिचं खरं होतं. ऑफर आदल्या रात्री संपली होती आणि पट्टी कुणी काढली नव्हती. त्या मुलीशी भांडून उपयोग नाही, दिवसभर उभं राहून ती दुसऱ्याने भरलेल्या किमती वाचत असते. मी फळीचा फोटो काढून आणला, व्यवस्थापकाला दाखवला आणि शांतपणे म्हटलं, "ही किंमत तुम्ही लावलीय, या किमतीला द्या." त्याने ३६ रुपये परत केले. तेव्हापासून सूट असलेल्या प्रत्येक वस्तूच्या पट्टीचा फोटो काढते आणि दारातून बाहेर पडायच्या आधी बिल वाचते. मागे रांग असली तरी बाजूला उभी राहून वाचते. पट्टीवरचं वजन आणि कंपनीसुद्धा बघा. सूट अर्ध्या किलोच्या पुड्याला असते आणि पट्टीसमोर एक किलोचे रचलेले असतात.

मुलगा फोनवरून सामान मागवतो. तिथे शेवटच्या पानावर हाताळणी, पिशवी, पोचवणं असे आकार वाढत जातात. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली. किंमत सुरुवातीला लपवून शेवटी वाढवणं, न विचारता टोपलीत वस्तू घालणं, "फक्त दोनच उरले" अशी खोटी घाई करणं, हे सगळं त्यात आहे. तुमच्या टोपलीत असं काही आलं तर स्क्रीनचा फोटो तेव्हाच काढून ठेवा. नंतर ते पान सापडत नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, मग वाण्याकडेच जा. मी दोन्हीकडे जाते. वाण्याकडे सगळं छापील किमतीला मिळतं आणि सुट्या मालाच्या काट्यावर लक्ष ठेवावं लागतं. पण तो पावशेर मागितलं तर पावशेर देतो, तीन पुडे घ्या म्हणत नाही. माझी बहीण दादरला असते, ती मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात आहे. ही संस्था १९७५ पासून काम करते आहे. शेजारपाजारची घरं मिळून महिन्याची यादी देतात, माल एकत्र येतो, बायका एकीच्या घरी बसून वाटून घेतात. तिथे पिवळी पट्टी नसते आणि पंधराशेची अटही नसते. जिथे असा संघ आहे तिथे अवश्य शिरा. आमच्या सोसायटीत आठ घरं मिळून तेल आणि डाळी आणायचं आम्ही गेल्या वर्षी सुरू केलं. हिशेब माझ्याकडे आहे.

तक्रार करायची वेळ आली तर आधी दुकानात, लेखी. नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, किंवा छापलंय त्यापेक्षा वजन कमी भरलं, तर जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयात जा, पुडा न फोडता. जाहिरातच खोटी असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तिला दंड आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. ३६ रुपयांसाठी कुणी आयोगात जाणार नाही, हे मलाही कळतं. पण हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला दहा मिनिटं लागतात, आणि एकाच दुकानाबद्दल पन्नास जणांनी ती नोंदवली तर ती ३६ रुपयांची राहत नाही.

यासाठी बिल हवं. हल्लीची बिलं ज्या कागदावर छापतात त्यावरची अक्षरं उडतात. माझ्या त्या दिवाळीच्या बिलावरचा बदामाचा आकडा आता दिव्यासमोर धरल्याशिवाय दिसत नाही. घरी आल्यावर पिशव्या रिकाम्या करायच्या आधी बिलाचा फोटो काढा.