उपरोध, संदर्भ आणि संगणक : एका वाक्याच्या निमित्ताने

‘यंदा पावसानं लईच मेहेरबानी केली म्हणायची!’ भूम परिसरातील कोणा शेतकऱ्याने असे लिहिले, तर हा कृतज्ञभाव की उपरोध? बालाघाटावरील या अवर्षणप्रवण तालुक्यात खव्याचा धंदा दुभत्या जनावरांवर आणि जनावरे चाऱ्यावर अवलंबून. १९७२च्या दुष्काळासारख्या वर्षी हे वाक्य जळजळीत ठरेल. भरल्या वर्षी तेच सरळ मानावे लागेल. शब्द मात्र एकही बदललेला नाही.

लिखित मजकुरातील उपरोध संगणकाला ओळखता यावा, यासाठी मुंबईच्या आय.आय.टी.त महत्त्वाचे काम झाले आहे. आदित्य जोशी, विनिता शर्मा व पुष्पक भट्टाचार्य यांनी २०१५ साली विसंगतीच्या तत्त्वावर आधारलेली पद्धती मांडली. स्तुतिवाचक व निंदावाचक शब्द शेजारी आले की विसंगती उघड असते. स्तुतिवाचक शब्दाशेजारी केवळ अप्रिय परिस्थितीचे वर्णन आले की ती सूचित असते. ‘परीक्षेच्या आदल्या रात्री वीज गेली, केवढा आनंद!’ हा दुसरा प्रकार. त्यांचे प्रयोग इंग्रजी मजकुरावरचे असले तरी हे तत्त्व मराठीलाही लागू पडते. ‘दिवे लावले’, ‘उजेड पाडला’ यांसारखे रूढ वाक्प्रचार तर यंत्राला पाठही करविता येतील.

भूमच्या वाक्यात मात्र विसंगती वाक्याच्या आत नाहीच. ती वाक्य आणि कोरडे शिवार यांच्यामध्ये आहे. ‘म्हणायची’ हे पद किंचित संशय जागवते, पण निर्णय देत नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या तिसऱ्या उल्लासात आर्थी व्यंजनेची निमित्ते सांगताना वक्ता, श्रोता, काकू (म्हणजे स्वरभेद), प्रकरण यांबरोबर देश व काल यांचीही गणना केली आहे. लेखनात काकू लोपते. मग उरलेल्या निमित्तांवरचा भार वाढतो. आपल्या अलंकारविचाराचे अध्यापन व्याजस्तुतीच्या व्याख्येपाशीच थांबते आणि ही यादी बहुधा परीक्षेपुरती उरते, हे खेदजनक होय.

पुण्याच्या ‘एल-थ्री-क्यूब’ गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्विटांचा भावनिर्देशित संग्रह सिद्ध केला. त्यात अनुकूल, प्रतिकूल व तटस्थ असे तीन वर्ग आहेत. उपरोधाचा वेगळा वर्ग नाही. असे संग्रह मोलाचेच आहेत. परंतु देश-काल न नोंदविता उपरोक्त वाक्य वर्गकाराच्या हाती दिले, तर ‘मेहेरबानी’ पाहून तो ते अनुकूल ठरवील. लोकमताची मोजणी अशा यंत्राकडे सोपविल्यास दुष्काळातील गाऱ्हाणे समाधानाच्या रकान्यात जमा होईल.