पवनचक्कीचा शेजार
(इयत्ता सातवी : भूगोल व गणित यांचा संयुक्त पाठ)

हेतू : पवनचक्कीजवळ राहण्यात खरा धोका कोणता व कल्पित भय कोणते, हे विद्यार्थ्यांस स्वतः हिशेब करून ठरविता यावे.

प्रस्तावना : वणी तालुक्यातील राजूर हे कोळशाच्या खाणीचे गाव आहे. वीज उत्पन्न करण्यास लागणारा कोळसा कोठून येतो, हे येथील मुलास सांगावे लागत नाही. शिक्षकांनी एवढेच विचारावे : "वीज जेथे तयार होते, तेथील शेजाऱ्यास काय सोसावे लागते?" वाऱ्यापासून होणाऱ्या विजेस धूर नाही, राख नाही, तथापि तिलाही शेजारी आहेतच.

विवेचन : सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावर गेल्या शतकाच्या अखेरीस पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. पुढे सांगली व धुळे जिल्ह्यांतही त्या आल्या. २००३ च्या सुमारास अवर्षण पडले, तेव्हा 'ही पाती ढगांना पिटाळून लावतात' असा समज त्या भागात पसरला. गांजलेल्या शेतकऱ्याचा हा समज हसण्यावारी नेऊ नये. वर्गात त्याचे परीक्षण करावे. पावसाचे ढग कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेले असतात. पाती केवळ आपल्या आसपासची हवा ढवळतात. शिवाय १९७२ चा मोठा दुष्काळ पडला, त्या वेळी या डोंगरांवर पवनचक्क्या नव्हत्याच. माण-खटावचा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, हेच तेथील कमी पावसाचे मुख्य कारण होय.

खोट्या भयाचा तोटा असा की, त्यापायी खरे प्रश्न मागे पडतात. ते तीन आहेत.

पहिला, आवाज. कॅनडाच्या आरोग्य विभागाने १,२३८ प्रौढांची पाहणी करून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पवनचक्कीच्या आवाजाचा आजारांशी संबंध आढळला नाही. मात्र आवाज वाढला तसा लोकांचा त्रासिकपणा वाढलेला दिसला. म्हणजे शेजाऱ्याची तक्रार हा केवळ कांगावा नव्हे. भारताच्या २००० च्या नियमांत निवासी भागासाठी रात्रीची ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल ठेविली आहे.

दुसरा, सावली. सूर्य क्षितिजाजवळ असता पात्यांची सावली घरावरून वारंवार सरकते. तीन पाती मिनिटास १५ फेरे घेत असतील, तर सावली मिनिटास ४५ वेळा, म्हणजे सेकंदास एकदाही पुरती नाही, अशी येते. लुकलुकणाऱ्या प्रकाशाने ज्यांस फेफरे येते, त्यांस तो झटका बहुधा सेकंदास तीन वा अधिक वेळा लुकलुकण्याने येतो. तेव्हा ही सावली उपद्रव देते, परंतु फेफरे आणील असे मानण्यास आधार नाही.

तिसरा, मोडतोड. पाते तुटणे, आग लागणे, वीज पडणे हे प्रसंग विरळ असले तरी घडतात. दुरून मंद दिसणाऱ्या ५५ मीटर लांबीच्या पात्याचे टोक मिनिटास १५ फेरे घेताना ताशी सुमारे ३११ किलोमीटर वेगाने धावते. म्हणून अंतर राखणे हाच उपाय. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ध्वनीच्या कारणास्तव वस्तीपासून ५०० मीटर अंतर सांगितले आहे. रस्ते व इमारती यांच्यासाठी मनोऱ्याची उंची, पात्यांच्या वर्तुळाचा निम्मा व्यास आणि ५ मीटर यांची बेरीज धरली आहे.

स्वाध्याय :
१) मनोरा १०० मीटर व वर्तुळाचा व्यास ११० मीटर असल्यास रस्त्यापासून किती अंतर हवे? (उत्तर : १६० मीटर)
२) पात्याच्या टोकाचा वेग २२/७ घेऊन पडताळून पाहा.
३) शिक्षकांसह शाळेपासून ५०० मीटर मोजीत चाला. तेथून शाळेची घंटा ऐकू येते काय, ते लिहा.
४) गावातील खाणीच्या शेजाराविषयी घरातील वडीलधाऱ्यांस विचारा, जे प्रत्यक्ष पाहिले व जे नुसते ऐकले, त्यांची दोन निराळी टिपणे करा.

सूचना : चौथ्या प्रश्नास सर्वाधिक वेळ द्यावा. पाहिलेले व ऐकलेले वेगळे करण्याची सवय ज्या मुलास लागली, तो उद्या ग्रामसभेत कोणत्याही प्रकल्पाविषयी योग्य प्रश्न विचारू शकेल.