त्राजान बादशहाचें उत्तर

नीरोच्या क्रौर्याची कथा बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. परंतु मंडळीच्या इतिहासाच्या अभ्यासांत त्राजान बादशहाचा विचार अधिक व्हावा, असें आम्हांस वाटतें. हा क्रूर नव्हता. इ. स. ९८ पासून ११७ पर्यंत त्यानें राज्य केलें, आणि रोमी लोक त्यास 'उत्तम राजा' म्हणत.

पेत्राच्या पहिल्या पत्रांतील पंत व बिथुनिया या प्रांतांवर त्याचा सुभेदार प्लिनी हा होता. ख्रिस्ती धर्म खेड्यापाड्यांतही पसरला आहे, तर काय करावें, असें त्यानें सुमारें ११२ सालीं बादशहास लिहून विचारिलें. चौकशीसाठीं त्यानें मंडळीच्या दोन सेविकांची जबानी यातना देऊन घेतली होती. त्या दासी होत्या. त्यांचीं नांवें त्यानें लिहिलीं नाहींत.

उत्तर आलें: ख्रिस्ती लोकांस हुडकूं नये, निनांवी अर्ज घेऊं नयेत, आरोप सिद्ध झाल्यास मात्र शिक्षा करावी, जो आमच्या देवांस भजेल त्यास क्षमा करावी. ते अपराधी असतील तर हुडकूं नये कां, आणि नसतील तर शिक्षा कां, असें तर्तुल्यनानें पुढें विचारिलें, तें योग्यच होतें. खेड्यांतील विश्वासणारा मात्र शेजाऱ्याच्या मर्जीवर जगूं लागला. त्या शेजाऱ्यानें आपलें नांव घालून फिर्याद केली कीं पुरे.